मूत्रपिंडाच्या अर्बुदांचे रेणवीय वर्गीकरण

मूत्रपिंडाच्या अर्बुदांचे रेणवीय वर्गीकरण म्हणजे मूत्रपिंडात उद्भवणाऱ्या गाठींचे, त्यांच्या पेशींतील गुणसूत्रे, जनुके, आरएनए व प्रथिने यांत झालेल्या बदलांच्या आधारे, उपप्रकारांत विभाजन करण्याची पद्धती होय. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रचनेवर आधारलेल्या जुन्या वर्गीकरणाला ही पद्धती पूरक आहे. काही उपप्रकारांच्या बाबतीत मात्र आता तिच्याशिवाय निदानच पूर्ण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत 'रेणवीय लक्षणांनी निश्चित होणारे कर्करोग' असा स्वतंत्र गट प्रथमच करण्यात आला.

मूत्रपिंडाचा कर्करोग हे नाव एकवचनी असले, तरी त्याखाली कारणे, गती आणि उपचारांना मिळणारा प्रतिसाद या तिन्ही बाबतींत भिन्न असलेले अनेक रोग येतात. सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकते, तर दुसरी अगदी लहान असतानाच शरीरात पसरू शकते. काही उपप्रकार आनुवंशिक असल्यामुळे एका रुग्णाच्या निदानावर त्याच्या भावंडांची व मुलांची तपासणी अवलंबून असते. या लेखात प्रौढांमध्ये आढळणाऱ्या, मूत्रनलिकांच्या अस्तरपेशींपासून निर्माण होणाऱ्या अर्बुदांचा विचार केला आहे. लहान मुलांतील विल्म्स अर्बुद हा वेगळा विषय आहे.

रचनेवर आधारित वर्गीकरण

मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७५ टक्के 'क्लिअर सेल' प्रकारचे असतात. या पेशींत मेद व ग्लायकोजन साठलेले असते. काचपट्टी तयार करताना ते विरघळून जाते आणि पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात. यावरूनच हे नाव पडले. १० ते १५ टक्के कर्करोगांत पेशी बोटांसारख्या बारीक अंकुरांवर रचलेल्या असतात. त्यांना 'पॅपिलरी' म्हणतात. सुमारे ५ टक्के 'क्रोमोफोब' प्रकारचे असून त्याचे मानवातील पहिले वर्णन १९८५ साली जर्मनीतील थोनेस व सहकाऱ्यांनी केले. ऑन्कोसायटोमा ही गाठ कर्करोग नसून सौम्य अर्बुद आहे. मात्र क्रोमोफोब कर्करोगाशी तिचे साम्य इतके असते की सुईने काढलेल्या लहानशा तुकड्यावरून दोहोंत फरक करणे अनुभवी विकृतिशास्त्रज्ञांनाही अवघड जाते.

रचनेवर विसंबण्यातील मूळ अडचण अशी, की पेशींचे रूप हा कारणाचा नव्हे तर परिणामाचा पुरावा असतो. पारदर्शक पेशी निर्माण होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत; अंकुरांसारखी रचनाही अनेक वेगवेगळ्या बिघाडांतून उद्भवते. पॅपिलरी कर्करोगाचे 'पहिला' व 'दुसरा' असे दोन उपप्रकार अनेक वर्षे शिकवले जात. त्यांपैकी दुसरा उपप्रकार हा एक रोग नसून इतरत्र न बसणाऱ्या अनेक रोगांची बेरीज होती, हे रेणवीय अभ्यासांनी दाखवून दिले. २०२२ च्या वर्गीकरणात ही विभागणी रद्द करण्यात आली.

इतिहास

या शाखेचा आरंभ प्रयोगशाळेइतकाच कुटुंबांच्या वंशावळींतून झाला. १९७९ साली अमेरिकेतील एका कुटुंबात मूत्रपिंडाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आढळत असल्याचे कोहेन व सहकाऱ्यांनी नोंदवले. त्या कुटुंबातील बाधित व्यक्तींमध्ये ३ व ८ या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. त्यामुळे संशोधकांचे लक्ष ३ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेकडे वळले. मेंदू, डोळ्याचा पडदा, स्वादुपिंड व मूत्रपिंड येथे गाठी निर्माण करणाऱ्या फॉन हिपेल–लिंडाऊ या आनुवंशिक विकाराचे जनुक याच भुजेवर असल्याचे पुढे सिद्ध झाले. ते १९९३ साली वेगळे करण्यात आले आणि त्याला व्हीएचएल असे नाव मिळाले. हेच जनुक आनुवंशिक नसलेल्या क्लिअर सेल कर्करोगांतही निकामी झालेले असते, हे त्यानंतर वर्षभरातच लक्षात आले. एका दुर्मीळ विकाराच्या अभ्यासातून अशा रीतीने सर्वांत सामान्य प्रकाराचे कारण हाती लागले.

त्यानंतर हाच क्रम पुन्हा पुन्हा घडला. आनुवंशिक पॅपिलरी कर्करोगाशी संबंधित मेट जनुक १९९७ साली, तर बर्ट–हॉग–ड्युबे विकाराचे फॉलिक्युलिन व फ्युमरेट हायड्रेटेज ही जनुके २००२ साली निश्चित झाली. दरम्यान, ग्युला कोवाक्स व सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेल्या 'हायडेलबर्ग वर्गीकरणा'त रचनेबरोबर गुणसूत्रांतील बदलांनाही स्थान देण्यात आले. अमेरिकेच्या 'द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस' या प्रकल्पाने २०१३ साली चारशेहून अधिक क्लिअर सेल, २०१४ साली ६६ क्रोमोफोब आणि २०१६ साली १६१ पॅपिलरी अर्बुदांचा सर्वांगीण रेणवीय अभ्यास प्रसिद्ध केला. तिन्ही गटांतील ८४३ अर्बुदांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रकाशित झाले.

पद्धती

प्रतिपिंडांच्या साह्याने प्रथिनांचे रंजन, म्हणजेच इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री किंवा व्यवहारात 'आयएचसी', ही सर्वांत स्वस्त व सर्वत्र उपलब्ध असलेली पद्धत आहे. काटेकोर अर्थाने ती जनुकाची तपासणी नव्हे. परंतु जनुक बिघडल्याचा परिणाम प्रथिनावर दिसत असल्यामुळे ती त्याचा अप्रत्यक्ष पुरावा देते. व्हीएचएल निकामी झाले की पेशीच्या आवरणावर कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज ९ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात येते. म्हणून क्लिअर सेल कर्करोगात प्रत्येक पेशीभोवती रंगाची अखंड चौकट दिसते. याउलट काही उपप्रकारांत रंग न दिसणे हेच निदान असते. सक्सिनेट डीहायड्रोजनेजच्या चारपैकी कोणताही घटक बिघडला, तरी त्याचा 'बी' घटक अस्थिर होऊन नाहीसा होतो. त्यामुळे या एकाच प्रथिनाच्या रंजनाने संपूर्ण संकुलाची परीक्षा होते. अशा 'अभाव' चाचणीत शेजारच्या निरोगी पेशी, उदाहरणार्थ रक्तवाहिन्यांचे अस्तर, रंगलेल्या असणे आवश्यक असते. त्या रंगल्या नसतील, तर चाचणीच फसली आहे असे समजतात.

गुणसूत्रांच्या संख्येतील बदल पाहण्यासाठी पूर्वी पेशी वाढवून गुणसूत्रांचा आलेख काढला जाई. आता त्याची जागा सूक्ष्मपट्टिकांनी, म्हणजे मायक्रोअ‍ॅरेंनी, आणि सिक्वेन्सिंगने घेतली आहे. प्रत्येक उपप्रकाराचा येथे आपापला ठसा असतो. क्लिअर सेल प्रकारात ३ क्रमांकाच्या गुणसूत्राची आखूड भुजा गळालेली असते. पॅपिलरी प्रकारात ७ व १७ क्रमांकांची गुणसूत्रे दोनाऐवजी तीन किंवा अधिक असतात आणि पुरुषांमध्ये वाय गुणसूत्र अनेकदा नाहीसे झालेले असते. क्रोमोफोब प्रकारात १, २, ६, १०, १३ व १७ या गुणसूत्रांची एकेक प्रत हरवलेली आढळते. ऑन्कोसायटोमात इतकी व्यापक हानी सहसा नसते. १ क्रमांकाचे गुणसूत्र गळणे किंवा ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील सायक्लिन डी१ जनुकाची फेररचना होणे हे बदल त्यात प्रामुख्याने दिसतात. रूपावरून न सुटणारा पेच गुणसूत्रांच्या मोजणीने अशा प्रकारे बऱ्याच अंशी सुटतो.

'फिश' या पद्धतीत ठरावीक जनुकाला चिकटणारे चमकदार डीएनए-तुकडे वापरतात. जनुकाच्या एका बाजूला लाल व दुसऱ्या बाजूला हिरवा असे दोन ठिपके लावले, तर जनुक अखंड असताना ते एकमेकांना लागून दिसतात आणि जनुक तुटले असल्यास दूर सरकतात. टीएफई३ या जनुकाच्या फेररचनेसाठी ही चाचणी रूढ आहे. तिला एक मर्यादा आहे. टीएफई३ कधीकधी त्याच एक्स गुणसूत्रावरील आरबीएम१० सारख्या जवळच्या जनुकाशी जोडले जाते. अशा वेळी ठिपके इतके थोडे सरकतात की जनुक तुटलेले असूनही चाचणी नकारार्थी येते. आरएनएचे सिक्वेन्सिंग केले, तर दोन जनुकांच्या जोडणीतून बनलेला संकरित संदेशच सापडतो आणि अंतराचा प्रश्न उरत नाही.

एकाच वेळी शेकडो जनुकांतील उत्परिवर्तने वाचणारे 'नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग' हे सर्वांत व्यापक साधन आहे. ते खर्चिक आहेच; शिवाय फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेल्या ऊतींतील आरएनए तुटलेला असल्यामुळे निकाल दर वेळी मिळतोच असे नाही. डीएनएवरील मेथिल गटांची मांडणी तपासण्याचाही उपयोग होतो. काही क्लिअर सेल कर्करोगांत व्हीएचएल जनुकाचा अनुक्रम अबाधित असतो, पण त्याच्या आरंभभागावर मेथिल गट साचल्यामुळे ते बंद पडलेले असते. केवळ अनुक्रम वाचणाऱ्या चाचणीला हा बिघाड दिसत नाही.

क्लिअर सेल कर्करोग

व्हीएचएल प्रथिनाचे काम हायपॉक्सिया-प्रेरित घटक, म्हणजे 'हिफ' या प्रथिनांना नष्ट होण्यासाठी खूण करण्याचे असते. प्राणवायू पुरेसा असताना हिफ सतत तयार होते आणि सतत नष्टही होते. व्हीएचएल नसेल, तर पेशीला प्राणवायू मुबलक मिळत असूनही ती गुदमरल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवणारे संदेश सोडत राहते. ही अर्बुदे रक्तवाहिन्यांनी भरलेली असतात, त्याचे कारण हेच. प्राणवायूची जाणीव ठेवणाऱ्या या यंत्रणेच्या शोधाबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी सुनिटिनिबसारखी औषधे आणि हिफ-२ अल्फावर थेट काम करणारे बेल्झुटिफान ही या ज्ञानाची फळे होत. बेल्झुटिफानला अमेरिकेत २०२१ साली व्हीएचएल विकाराच्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली.

व्हीएचएल गमावणे ही पहिली पायरी असली, तरी तेवढ्याने रोगाची गती ठरत नाही. पीबीआरएम१, बीएपी१ व एसईटीडी२ ही आणखी तीन अर्बुदरोधक जनुके त्याच आखूड भुजेवर व्हीएचएलच्या शेजारी आहेत. भुजा एकदा गळाली की चारही जनुकांची एकेक प्रत एकाच फटक्यात जाते आणि उरलेल्या प्रतीत कुठे उत्परिवर्तन होते यावर पुढील वाटचाल ठरते. सुमारे ४० टक्के अर्बुदांत पीबीआरएम१ बिघडलेले असते. बीएपी१ बिघडलेली अर्बुदे संख्येने कमी, पण अधिक आक्रमक असतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भुजा गळण्याची ही पहिली घटना अनेक रुग्णांत बालपणात किंवा पौगंडावस्थेत, म्हणजे निदानाच्या काही दशके आधी, घडून गेलेली असते.

पारदर्शक पेशी असूनही या गटात न बसणारी दोन अर्बुदे येथे नोंदवली पाहिजेत. क्लिअर सेल पॅपिलरी अर्बुदात व्हीएचएलचा बिघाड नसतो आणि त्याचा प्रसार जवळजवळ होतच नाही. म्हणून २०२२ च्या वर्गीकरणात त्याच्या नावातून 'कर्करोग' हा शब्द काढून 'अर्बुद' असा शब्द योजण्यात आला. ज्या रुग्णाच्या अहवालात पूर्वी कर्करोग लिहिला गेला असता, त्याच्या दृष्टीने हा केवळ शब्दाचा फरक नाही. दुसऱ्यात ईएलओसी हे जनुक बिघडलेले असते. या जनुकाचे प्रथिन व्हीएचएलच्याच संकुलाचा भाग असल्यामुळे परिणाम जवळपास तोच होतो, पण ३ क्रमांकाचे गुणसूत्र शाबूत राहते आणि ८ क्रमांकाचे गळते.

फ्युमरेट हायड्रेटेजच्या अभावाचा कर्करोग

रेणवीय निदानाचे महत्त्व या उपप्रकारात सर्वाधिक स्पष्ट होते. फ्युमरेट हायड्रेटेज हे पेशीच्या ऊर्जाचक्रातील एक विकर आहे. त्याच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असलेल्या व्यक्तींना त्वचेवर वेदनादायक गाठी येतात. स्त्रियांमध्ये तरुण वयातच गर्भाशयात मोठ्या, अनेक फायब्रॉइड गाठी निर्माण होतात. मूत्रपिंडातील पेशींत दुसरी प्रतही गेली की कर्करोग उद्भवतो. विकराअभावी साचलेले फ्युमरेट हिफ नष्ट करणाऱ्या यंत्रणेला अडवते, डीएनएवरील मेथिल गट हटवणारी विकरे बंद पाडते आणि अनेक प्रथिनांना रासायनिकरीत्या चिकटून बसते.

पूर्वी अशा बहुतेक गाठी 'पॅपिलरी, दुसरा उपप्रकार' या नावाखाली नोंदवल्या जात. या चुकीचे परिणाम गंभीर असत. व्हीएचएल व आनुवंशिक पॅपिलरी विकारांत गाठ ३ सेंटीमीटरची होईपर्यंत लक्ष ठेवून थांबण्याची रीत आहे, कारण त्याआधी ती पसरण्याची शक्यता अत्यल्प असते. फ्युमरेट हायड्रेटेजच्या अभावात हा नियम लागू पडत नाही. गाठ लहान असतानाही प्रसार होऊ शकतो. त्यामुळे ती आढळताच पुरेशा निरोगी कडेसह काढून टाकावी लागते. निदानानंतर रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकांना जनुकीय समुपदेशन व चाचणी देऊ केली जाते आणि सदोष प्रत असलेल्यांची एमआरआयने नियमित तपासणी करतात.

चाचणी दोन टप्प्यांची असते. प्रथम फ्युमरेट हायड्रेटेजचे रंजन करतात. प्रथिन नाहीसे झाले असेल, तर निदान जवळपास पक्के होते. परंतु काही उत्परिवर्तनांत प्रथिन जागेवर असते, फक्त निकामी असते, आणि रंजन सामान्य दिसते. अशा वेळी फ्युमरेट चिकटल्यामुळे तयार होणाऱ्या '२-एससी' या खुणेचे रंजन उपयोगी पडते. यानंतर रक्तातील डीएनएच्या चाचणीने उत्परिवर्तन जन्मजात आहे काय, हे ठरवतात. तरुण रुग्णातील कोणत्याही संशयास्पद पॅपिलरी गाठीत फायब्रॉइडचा कौटुंबिक इतिहास विचारणे ही बिनखर्चाची पहिली चाचणी ठरते. ती वारंवार राहून जाते.

जनुकांच्या फेररचनेतून होणारे कर्करोग

टीएफई३ जनुक दुसऱ्या एखाद्या जनुकाशी जोडले जाऊन अतिसक्रिय झाल्याने होणारे कर्करोग मुलांत व तरुणांत तुलनेने अधिक आढळतात. मुलांतील मूत्रपिंडाच्या कार्सिनोमांत त्यांचा वाटा मोठा आहे. मात्र प्रौढांत कर्करोगांची एकूण संख्याच मोठी असल्याने प्रत्यक्ष रुग्ण प्रौढांतच जास्त असतात. पारदर्शक पेशी व अंकुर दोन्ही एकत्र दिसणे ही त्यांची परिचित खूण. टीएफईबी या भगिनी-जनुकाची फेररचना किंवा प्रतिवृद्धी झालेली अर्बुदे दुर्मीळ आहेत. एएलके जनुकाच्या फेररचनेचे कर्करोग त्याहूनही विरळ. पण फुप्फुसाच्या कर्करोगासाठी बनवलेली एएलके-रोधक औषधे त्यांवर लागू पडू शकतात, म्हणून ते ओळखणे मोलाचे ठरते.

सिकलसेल आणि मेड्युलरी कर्करोग

मूत्रपिंडाच्या गाभ्यात उद्भवणारा मेड्युलरी कर्करोग १९९५ साली स्वतंत्र रोग म्हणून वर्णिला गेला. तो मुख्यतः सिकलसेलच्या वाहक तरुणांमध्ये, बहुधा उजव्या मूत्रपिंडात होतो आणि निदानाच्या वेळी बहुतेक रुग्णांत पसरलेला असतो. त्यातील निर्णायक बदल म्हणजे २२ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एसएमएआरसीबी१ जनुकाचा लोप. रंजनात या प्रथिनाचा रंग पेशीकेंद्रातून पूर्ण नाहीसा होतो. वाहक नसलेल्या व्यक्तीत हीच रचना आढळल्यास तिची नोंद वेगळ्या नावाने होते. आजवरचे बहुतांश रुग्ण आफ्रिकी वंशाचे आहेत. महाराष्ट्रात विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर व नागपूर तसेच नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. कर्करोग स्वतः अत्यंत दुर्मीळ असल्यामुळे वाहकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र तरुण वाहकाच्या लघवीतून रक्त जात असल्यास आणि मूत्रपिंडात गाठ दिसल्यास विकृतिशास्त्रज्ञाला वाहक असल्याची माहिती देणे आवश्यक ठरते.

मर्यादा

एका तुकड्यावरून संपूर्ण गाठीचा निवाडा करता येतोच असे नाही. २०१२ साली गर्लिंगर व सहकाऱ्यांनी एकाच गाठीचे अनेक भाग स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश उत्परिवर्तने सर्व भागांत नसल्याचे दिसून आले. व्हीएचएलसारखे आरंभीचे बदल सर्वत्र असतात; बीएपी१ सारखे नंतरचे बदल गाठीच्या एका कोपऱ्यातच असू शकतात. त्यामुळे उपप्रकार ठरवण्यासाठी बायोप्सी पुरेशी विश्वसनीय असली, तरी रोगाची पुढील गती वर्तवण्यासाठी ती तितकी भरवशाची नाही.

आरएनएच्या पातळ्यांवरून क्लिअर सेल कर्करोगाचे आणखी पोटगट पाडण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०२० साली ८२३ अर्बुदांच्या अभ्यासातून असे सात गट सुचवण्यात आले. त्यांपैकी काही रक्तवाहिन्या-रोधक औषधांना, तर काही प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांना अधिक प्रतिसाद देतात. मात्र हे गट २०२२ च्या वर्गीकरणात स्वतंत्र उपप्रकार म्हणून समाविष्ट झालेले नाहीत.

सर्व रुग्णांची सिक्वेन्सिंग चाचणी करावी, अशी शिफारस सर्वसाधारणपणे केली जात नाही. नेहमीच्या रूपाचा क्लिअर सेल कर्करोग असल्यास सूक्ष्मदर्शक आणि गरजेपुरते रंजन पुरते. रुग्ण ४६ वर्षे किंवा त्याहून कमी वयाचा असणे, दोन्ही मूत्रपिंडांत किंवा एकाहून अधिक गाठी असणे, कुटुंबात असाच रोग असणे, किंवा गाठीचे रूप कोणत्याही ओळखीच्या प्रकारात न बसणे, यांपैकी काही आढळल्यास जनुकीय चाचणीचा विचार केला जातो. सर्व चाचण्यांनंतरही काही अर्बुदे कोणत्याच गटात बसत नाहीत. त्यांची नोंद 'अवर्गीकृत' अशी होते. २०२२ च्या यादीतील अनेक नवे उपप्रकार पूर्वी याच नोंदीखाली होते.